म्हाताऱ्या घोड्याचा शेवट : केव्हां व कसा करावा

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या गांवचे एक बागाईतदार तिन्हीसांजेस आमच्या ओसरीवर येऊन बसले. गांव त्यांस अण्णा म्हणतें, आम्हीही तसेंच म्हणतों. पानाचें तबक पुढें केलें तें त्यांनीं तसेंच ठेविलें. बऱ्याच वेळानें म्हणाले, "भाऊसाहेब, घोडीचें आतां फार झालें. व्यापारी येऊन गेला, अकरा हजार देतों म्हणतो. घरांत म्हणतात, देव नेईल तेव्हां नेईल. डॉक्टर म्हणतात, तुम्हीच ठरवा. तुम्ही जन्मभर निकाल लिहिलेले, तेव्हां तुम्हीच सांगा."

प्रस्तुत लेखक तहशील कचेरींत कारकून होता. निकाल साहेब लिहीत, आम्ही नक्कल करीत असूं. हें अण्णांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु अडलेला मनुष्य कोणाजवळ तरी बसूं पाहतो, आणि आम्हीं घोडें पाळलें होतें, त्याच्या शेवटाच्या वेळीं आमच्या हातून जी चूक झाली तीही गांवास माहीत होती. अण्णांच्या घोडीच्या निमित्तानें जें पाहिलें, डॉक्टरांस विचारलें व वाचलें, तें येथें लिहीत आहें. बैलाविषयीं व दुभत्या जनावराविषयीं शेतकी मासिकांत पुष्कळ येतें, घोड्याविषयीं क्वचित्‌च येतें, आणि त्याच्या म्हातारपणाविषयीं तर नाहींच.

घोडीं आतां उरलीं किती, असें कोणी म्हणेल. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्यास किंवा नांदेड जिल्ह्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस जाऊन पाहावें म्हणजे शंका फिटेल. धनगरांच्या कळपांबरोबर तट्टें अजून चालतात. लग्नाच्या वरातींस घोडी लागते, माथेरानास तर घोड्यावांचून भागत नाहीं. ज्या भीमथडी तट्टांवर एके काळीं मराठ्यांच्या फौजा दूरवर गेल्या, त्यांस आतां स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही मिळाली आहे. चांगलें ठेविलेलें घोडें पंचवीस ते तीस वर्षें जगतें, परंतु त्याचें काम विसाव्या वर्षाच्या आंतबाहेर संपतें. म्हणजे पांच ते दहा वर्षें मालकाला त्याला बसवून पोसावयाचें असतें, आणि त्या वर्षांच्या शेवटीं कोठें तरी हा प्रश्न दारीं येतोच.

अण्णांची कुमैत घोडी सत्ताविसाव्या वर्षांत होती. माळेगांवच्या बाजारांतून शिंगरूं असतांना आणलेली. अण्णांचें लग्न तिच्यावरून झालें नाहीं, पण दोन्ही मुलांचीं झालीं.

पहिली गोष्ट, व्यापाऱ्याची. म्हातारें घोडें घेणारा मनुष्य तें पाळण्यासाठीं घेत नाहीं. तें वीटभट्टीवर जातें, नाहीं तर गाडीला जुंपलें जातें, किंवा बाजारा-बाजारांतून हात बदलत शेवटीं कोठें पोंचतें तें पहिल्या मालकास कधींच कळत नाहीं. अकरा हजार रुपयांत त्यास तिची सहा महिन्यांची मजुरी काढावयाची असते. माळरानावर सोडून देणें हा दुसरा मार्ग कांहीं लोक धरतात, आणि 'मोकळी केली' असें वर म्हणतात. जन्मभर तोबऱ्यावर वाढलेलें जनावर मोकळें होऊन काय खाणार? १९६० च्या प्राण्यांना निर्दयतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचें अकरावें कलम ह्या दोन्ही बाबतींत स्पष्ट आहे. वयामुळें, दुखण्यामुळें वा जखमेमुळें असमर्थ झालेलें जनावर कामास लावणें हा गुन्हा आहे, आणि भुकेनें-तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें हाही गुन्हा आहे. ह्या कलमाखालीं खेड्यांत किती खटले होतात तें आम्ही कचेरींत बसून पाहिलें आहे. ती संख्या सांगण्यासारखी नाहीं, परंतु त्यामुळें गोष्ट बरी ठरत नाहीं.

उरले दोन मार्ग. वाट पाहणें, आणि डॉक्टरांच्या हातून शेवट करविणें. ह्या दोहोंत निवड करण्यापूर्वीं मात्र एक काम आहे, आणि तें पुष्कळ लोक सोडून देतात. घोडें खरोखर म्हातारपणानें खंगलें आहे कीं बऱ्या होणाऱ्या दुखण्यानें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अण्णांची घोडी दोन वर्षांपूर्वीं अशीच हाडावर आली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात, पाठीचा कणा वर, डोळ्यांवर खळगे. तेव्हांही लोक म्हणाले, हिचे दिवस भरले. अण्णांनीं तोंडापाशीं बसून पाहिलें तर ती कडबा तोंडांत घोळवी आणि अर्धवट चावलेला त्याचा बोळा करून खालीं टाकी. ठाणांत असे ओले बोळे सांपडले कीं दुखणें दाढांत आहे असें समजावें. घोड्याच्या दाढा वर्षास दोन-तीन मिलिमीटर झिजतात व तितक्याच हिरडींतून वर सरकतात. झीज सारखी न झाल्यास कडांना धार येऊन गालास व जिभेस जखमा होतात, आणि फार वय झाल्यावर तर सरकावयास दाढच उरत नाहीं. डॉक्टरांनीं कानस लावून धारा काढल्या, एक हलणारी दाढ काढली, जंतांचें औषध दिलें. कडबा बंद करून लसूण घासाची बारीक कुट्टी, गव्हाचा कोंडा व हरभऱ्याचा थोडा भरडा असें पाण्यांत चांगलें भिजवून पातळ करून दिवसांतून चार वेळां देऊं लागले. चार महिन्यांत घोडी भरली, आणि त्यानंतर पावणेदोन वर्षें सुखानें राहिली. त्या वेळीं कोणाच्या सांगण्यावरून सुई दिली असती, तर तीं पावणेदोन वर्षें तिची हकनाक गेलीं असतीं.

तसेंच दुसरें. म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावरचे केस उन्हाळ्यांतही गळत नाहींत, लांब व कुरळे राहतात, तें पाणी फार पितें व फार मुततें, पोट सुटून पाठीचें मांस जातें, आणि वरचेवर पुढच्या खुरांस दाह होतो. हें निव्वळ वय नव्हे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका ग्रंथीच्या बिघाडानें असें होतें. तो बिघाड पुरता जात नाहीं, परंतु पेर्गोलाइड नांवाच्या औषधानें ताब्यांत राहतो. औषध रोजचें व महाग आहे. तें परवडत नसेल तर तसें स्वच्छ म्हणावें, पण 'कांहींच उपाय नव्हता' असें पुढें म्हणूं नये.

वजनाची नोंद ठेवणेंही सोपें आहे. आमच्याकडे घोडें तोलण्याचा कांटा कोठून असणार? शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा, खांद्याच्या पुढच्या टोंकापासून कुल्ल्याच्या मागच्या टोंकापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेरानें गुणून, त्यास लांबीनें गुणून ११,९०० नीं भागावें, म्हणजे अदमासें किलो येतात. घेर १४५ व लांबी १४० असेल तर सुमारें २४७ किलो. आंकडा चार-सहा किलोंनीं इकडेतिकडे असेना. दर महिन्यास त्याच फितीनें, त्याच हातानें घेतल्यास उतार लागला कीं नाहीं हें त्यांतून लपत नाहीं.

हें सर्व करून झाल्यावर, डॉक्टरांनीं पाहिल्यावर, औषधें दिल्यावरही जनावर उतरतच चालले तर मग खरा प्रश्न उभा राहतो. त्यांत कोणत्या खुणांस किती वजन द्यावें ह्याविषयीं लोकांचा घोळ होतो. बहुतेक मालक एकाच गोष्टीकडे बघतात, ती म्हणजे खाणें. 'अजून दाणा खाते कीं!' असें अण्णाही म्हणत. घोडें हें भित्र्या जातीचें जनावर आहे. रानांत जें दुखणें दाखवील त्यास लांडगा आधीं धरील, म्हणून तें दुखणें लपवितें आणि कळा येत असतांही खातें. खाणें सुटलें तर घोर लागावा हें खरें, पण खाणें चालूं आहे म्हणून सर्व ठीक आहे हें खरें नव्हे.

खाण्याहून मोठी खूण बसण्या-उठण्याची आहे. घोडें उभ्यानें झोंपतें असें आपण शाळेंत शिकलों, आणि तें अर्धेंच खरें आहे. उभ्यानें त्याची डुलकी होते. गाढ झोंपेसाठीं त्यास रोज अर्धा-पाऊण तास तरी अंग टाकावें लागतें. ज्याचे गुडघे व मागचे सांधे धरले आहेत त्यास बसतांना व त्याहून उठतांना इतक्या वेदना होतात, कीं तें बसणेंच सोडून देतें. मग झोंप अनावर झाली म्हणजे उभ्याउभ्याच पुढचे पाय दुमडून कोसळतें व दचकून सावरतें. ह्याची साक्ष पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर समोरून मिळते. तेथें खरचटलेल्या, न भरणाऱ्या जखमा दिसतात. अण्णांच्या घोडीस तशा दोन्ही पायांस होत्या. ते त्यांवर हळद लावीत आणि ठाणांतला दगड लागतो असें समजत. अंगावर लीद वा माती लागलेली नाहीं, आंथरलेलें गवत दबलेलें नाहीं, तर घोडें रात्रीं बसलेंच नाहीं असें जाणावें.

चालण्याच्या खुणा बहुतेकांस ठाऊक असतात. पुढचे पाय पुढें ताणून सर्व भार मागें घेऊन उभें राहणें, खुरास हात लावला तर ऊन लागणें व खुराच्या वरच्या शिरेची उडी बोटास जोरानें लागणें, ही खुराच्या दाहाची लक्षणें आहेत. असा दाह वारंवार होऊं लागला व खुरांतलें हाड खालीं सरकलें, तर नालबंदाच्या हाताबाहेरची गोष्ट झाली. तोंडावरूनही दुखणें वाचतां येतें, मात्र घोड्यास न कळत लांबून पाहावें. कान ताठ होऊन मागें, डोळ्यावरची कातडी ओढलेली व हाड उठून दिसणारें, जबड्याचे स्नायू आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, ओंठ दाबलेले. कळपापासून दूर तोंड करून उभें राहणें, खरारा आवडेनासा होणें, माशा उडविण्याचाही कंटाळा करणें, ह्या मनाच्या खुणा.

आतां वहीविषयीं. कारकुनाजवळ दुसरें काय असणार! अण्णांस आम्हीं एक कोरी वही दिली व चार रकाने आंखून दिले. खाणेंपिणें, बसणें-उठणें, चालणें आणि मन. प्रत्येकास जास्तींत जास्त चार आणे, एकूण सोळा. पिकाची आणेवारी लावतों तशी दिवसाची आणेवारी लावावयाची. आमच्या नोकरीच्या काळांत आठ आण्यांखालीं, म्हणजे पन्नास पैशांखालीं, पीक आलें तर टंचाई धरीत, तोच दाखला येथें घेतला. सलग पंधरवड्यांत आठांखालचे दिवस वरच्या दिवसांहून अधिक झाले तर डॉक्टरांस बोलवावयाचें. दुसरीही अट घातली. कोणताही एक रकाना लागोपाठ तीन दिवस शून्यावर असला तर बेरीज पाहूंच नये. चांगलें खाणारें घोडें जर उठूंच शकत नसेल तर खाण्याचे चार आणे त्यास काय कामाचे?

पहिल्या आठवड्याची वही पाहिली तों अण्णांनीं रोज अकरा, बारा आणे लावलेले. आम्हांस शंका आली, म्हणून दुसऱ्या आठवड्यास त्यांच्या पुतण्यास दुसरी वही दिली व एकमेकांची पाहूं नका असें सांगितलें. पुतण्याच्या वहींत पांच, सहा, एके दिवशीं चार. दोघांपैकीं खोटें कोणीच लिहिलें नव्हतें. अण्णा सकाळीं आठ वाजतां गुळाचा खडा घेऊन जात, घोडी त्यांचें पाऊल ओळखून खिंकाळे, मान पुढें करी, आणि त्या एका क्षणाचे आणे अण्णा सगळ्या दिवसास लावीत. पुतण्या पहांटे पांचास धार काढावयास जाई, तेव्हां ती भिंतीस टेकून थरथरत उभी असे. ज्याचा जीव जनावरांत अधिक गुंतला आहे त्याच्याच डोळ्यास तें बरें दिसतें, हें आम्हांस त्या दोन वह्यांनीं शिकविलें. म्हणून वही दोन हातांनीं लिहावी, आणि त्यांतील एक हात पहांटेचा असावा.

दोन्ही वह्या समोर ठेवल्या तेव्हां अण्णा पुतण्यावर रागावले. त्यांस दोष देतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे ते स्वतः न बोलावतां गोठ्यांत जाऊन अंधारांत बसले, आणि परत आल्यावर त्या दिवसाच्या रकान्यांत स्वतःच्या हातानें पांच आणे लिहिले.

वाट पाहण्याविषयीं आमचें मत कडक आहे, आणि त्याचें कारण आमच्या घरचें आहे. १९९८ सालीं आमच्या वडिलांचा घोडा चोवीस वर्षांचा होता. आषाढांतच डॉक्टरांनीं सांगितलें होतें, कीं मागचे पाय जात चालले आहेत, एकदां पडला तर उठणार नाहीं, पावसापुरता विचार करा. आम्हीं विचार केला तो एवढाच, कीं पोळ्यापर्यंत पाहूं. भाद्रपदांत एका रात्रीं तो ठाणांत चिखलावर पडला. इतकें मोठें जनावर फार वेळ एका कुशीवर पडलें तर त्याच्याच वजनानें खालचे स्नायू चेंगरतात, खालच्या फुप्फुसांत हवा जात नाहीं, आणि भीतीनें तें उठण्याची धडपड करीत डोकें जमिनीवर आपटतें. ओढ्यास पूर आला होता, डॉक्टर दुसऱ्या दिवशीं दुपारीं पोंचले. चौदा तास. पोत्यांचा ढीग करून त्याचें डोकें आम्हीं मांडीवर धरून बसलों होतों, तरी एक डोळा गेलाच. आम्हीं त्यास जे दोन महिने अधिक दिले, ते त्या चौदा तासांच्या मोलानें दिले. डॉक्टरांनीं एका शब्दानेंही आम्हांस कांहीं म्हटलें नाहीं.

म्हणून म्हणतों, कीं दिवस थोडा आधींचा धरावा. एक आठवडा लवकर झालें तर घोड्याचे कांहीं गेलें नाहीं, कारण उद्याची आशा करीत तें बसत नाहीं. एक दिवस उशीर झाला तर मात्र त्याचें सर्व तेंच सोसतें. आमच्या काळ्या जमिनींत तर पावसाळ्याचा हिशेब आधीं करावा. धरलेल्या सांध्यांच्या घोड्यास चिखल सोसत नाहीं, रस्ते बंद पडतात, खड्डा खणावा तर पाण्यानें भरतो. मृगानंतर चार महिने हें जनावर उभें राहील काय, असा प्रश्न ज्येष्ठ लागण्यापूर्वींच स्वतःस विचारावा. त्याचप्रमाणें एक ओळ चांगल्या दिवशींच लिहून ठेवावी. अण्णांच्या वहींत ती अशी होती : 'उठतांना माणसाचा हात लावावा लागला, तर दुसऱ्यांदा लागूं द्यावयाचा नाहीं.' रात्रीं अचानक पोटशूळ उठला तर काय, हेंही घरांत आधीं ठरलेलें असावें. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. ती साठाच्या वर जाऊन वेदनाशामकानेंही उतरत नसेल, घाम सुटून घोडें लोळत असेल व हिरड्या जांभळट झाल्या असतील, तर म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतींत तो बहुधा आंतड्याचा पीळ वा फांस असतो. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ती खेड्यांत होत नाहीं.

वेदनाशामक गोळ्यांविषयीं इतकेंच सांगतों, कीं फेनिलब्युटाझोन डॉक्टरांनीं दिलें तर द्यावें, स्वतःच्या मनानें मात्रा वाढवूं नये. त्यानें कांहीं महिने सुखाचे मिळतात, परंतु पुढें पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें बिघडतात.

अण्णांच्या घरांतील अडचण पापाची होती. काकू म्हणाल्या, "जिनें आपलें ओझें वाहिलें तिला आपणच मारायचें?" ह्या प्रश्नास कायद्याचें कलम दाखवून उत्तर होत नाहीं. आम्हीं त्यांस १९२८ सालची साबरमती आश्रमांतील गोष्ट सांगितली. तेथें एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. गांधींनीं अहिंसा हेंच व्रत मानलेलें असूनही, आश्रमांतील मंडळींशीं बोलून, डॉक्टरांकडून सुई देववून त्याचे हाल संपविले, आणि 'नवजीवना'त तसें उघड लिहिलें. त्यावर लोकांचीं रागाचीं पत्रें पुष्कळ आलीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें, कीं स्वतःच्या सोयीसाठीं मारणें ती हिंसा, दुसरा कोणताही उपाय उरला नसतां त्या जिवाच्याच सुखासाठीं मारणें ती तशी नव्हे. काकूंस हें पटलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या इतकेंच म्हणाल्या, "मग मी त्या दिवशीं तिकडे येणार नाहीं." ज्यास पटत नाहीं त्यास त्या ठिकाणीं ओढून नेऊं नये.

सोय आणि दया ह्यांतील रेघ मात्र प्रत्येकानें आपल्यापाशीं प्रामाणिकपणें पाहावी. वैरण महाग झाली हें कारण असेल तर तें स्वतःशीं तरी तसेंच म्हणावें. गरीब मालकास म्हातारें घोडें पोसणें खरोखरच जमत नाहीं असें होतें, आणि त्यानें उपासमार करण्यापेक्षां वा व्यापाऱ्यास देण्यापेक्षां डॉक्टरांकडून शेवट करविणें आम्हांस अधिक बरें वाटतें. ह्यावर वाचकांचा मतभेद होईल हें आम्ही जाणून आहों.

आतां प्रत्यक्ष काम. तें नोंदणीकृत पशुवैद्याकडूनच करवावें. गांवांतल्या कोणा जाणत्याकडून विष घालविणें, किंवा हृदयांत कुचल्याच्या अर्काची सुई देणें हें क्रूर आहे व कायद्यानेंही गुन्हा आहे. जवळ दवाखाना नसल्यास पशुसंवर्धनाच्या १९६२ ह्या क्रमांकावर विचारावें. जनावराचा विमा असेल तर कंपनीस आधीं लेखी कळवून डॉक्टरांचा दाखला घ्यावा, नंतर कळविलें तर पैसे मिळण्यांत अडचण येते. घोड्यास ग्लँडर्स नांवाच्या सांसर्गिक रोगाचा संशय असेल तर तो विषय निराळा. तेथें मालकाच्या मनाचा प्रश्न उरत नाहीं, सरकारी रीतीनें तपासणी होऊन पुढील हुकूम होतात, आणि हा रोग माणसासही होतो म्हणून घोड्यास हातही लावूं नये.

खड्डा आदल्या दिवशींच खणून घ्यावा. जेसीबी यंत्रानें तासाभराचें काम आहे. नऊ फूट खोल, विहिरीपासून व ओढ्यापासून लांब, चढाच्या बाजूस नव्हे. हा आग्रह उगीच नाहीं. सुईंतलें औषध मेलेल्या अंगांत तसेंच राहतें, आणि तें मांस खाणारीं कुत्रीं, कोल्हे व गिधाडें मरतात. डायक्लोफेनॅक ह्या औषधानें आपल्या देशांतील गिधाडें कशीं नाहींशीं होत गेलीं व २००६ सालीं जनावरांसाठीं तें बंद करावें लागलें, हें वाचकांस ठाऊक असेल. तेव्हां असें मढें उघड्यावर टाकूं नये व कातडें काढण्यासही देऊं नये.

जागा मोकळी, मऊ, सपाट व खड्ड्याजवळ असावी. ठाणांत करूं नये, कारण तेथून मढें ओढून काढतांना फार वाईट दिसतें. डॉक्टर आधीं गुंगीची सुई देतात, मग मानेच्या शिरेंत नळी बसवून मुख्य औषध सोडतात. अर्ध्या मिनिटाच्या आंत घोडें खालीं येतें. कधीं सावकाश बसतें, कधीं एकदम पुढें कोसळतें, म्हणून दोर धरणाऱ्यानें समोर उभें राहूं नये. मॅग्नेशियम सल्फेटासारखे क्षार कांहीं ठिकाणीं वापरतात, ते पूर्ण भूल पडल्यावरच द्यावयाचे असतात, आणि भूल कोणती देणार हें मालकानें विचारावें. त्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं. पडल्यावर एक-दोन मोठे श्वास येतात, स्नायू थरथरतात, डोळे उघडेच राहतात. हें आधीं सांगितलें नसेल तर मालकास वाटतें कीं जीव अजून आहे. डॉक्टर नळीनें छाती ऐकतात, डोळ्याच्या बुबुळास बोट लावून पाहतात व मग सांगतात.

अण्णांनीं मृगाच्या पांच दिवस आधींची सकाळ धरली. वहींतली ओळ दोन दिवसांपूर्वीं लागू पडली होती. पुतण्यानें खांदा दिला तेव्हां घोडी उठली. त्या सकाळीं तिला हिरवी लुसलुशीत मका हवी तेवढी घातली, एरवीं पोटाच्या भीतीनें देत नसत. खरारा अण्णांनीं स्वतः केला. दोर पुतण्यानें धरला. काकू आल्या नाहींत, पण भाकरीचा एक तुकडा गुळांत चुरून त्यांनीं पाठविला होता.

तिच्याच वंशांतलें एक दीड वर्षाचें शिंगरूं त्याच ठाणांत बांधलेलें होतें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून काम झाल्यावर त्यास मढ्यापाशीं नेलें. जोडीदार एकाएकीं दिसेनासा झाला तर घोडें दिवसचे दिवस हांका मारीत फिरतें. मढें हुंगूं दिलें तर तसें कमी होतें, असा अनुभव डॉक्टरांनीं सांगितला. शिंगरानें नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलें, आयाळ दांतांत धरून एकदां ओढली, आणि दहा मिनिटांनीं आपणच बाजूस होऊन गवत खाऊं लागलें. रात्रीं मात्र त्यानें तोबरा घेतला नाहीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं घेतला.

दोन्ही वह्या अण्णांनीं आमच्याकडे परत आणून दिल्या. त्यांतलीं पुष्कळ पानें कोरीं आहेत. ज्या कोणास रकान्यांचा नमुना उतरून घ्यावयाचा असेल त्यानें येऊन न्यावा.